नवख्यांचं स्वागत कुणी करायचं? युजनेटपासून मॅस्टोडॉनपर्यंत

आज आपण एका साध्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. ज्या जाळ्याला कुणी एक मालक नाही, त्या जाळ्यात नवा माणूस आला तर त्याला ‘या, बसा’ कुणी म्हणायचं?

फेसबुक किंवा एक्ससारख्या ठिकाणी हा प्रश्न कंपनीने आपल्या परीने सोडवलेला असतो. तिला माणसं हवी असतात, कारण माणसांवरच तिचा धंदा चालतो. त्यामुळे नव्याने नाव नोंदवणाऱ्याला पहिल्या मिनिटाला काय दिसावं, कोण सुचवावं, बटण कुठे असावं, यावर पगारी माणसं काम करत असतात. विकेंद्रित जाळ्याचं तसं नसतं. तिथे हजारो छोटे-मोठे सर्व्हर असतात, प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे. एक सामाईक प्रोटोकॉल पाळत असल्यामुळे ते एकमेकांशी बोलू शकतात, एवढंच त्यांच्यातलं नातं. आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे ईमेल. आणि अशा जाळ्यात स्वागताचं काम सगळ्यांचं असतं, म्हणजे बहुतेक वेळा कुणाचंच नसतं.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा धागा सुटणार नाही. गेल्या चार-साडेचार दशकांत विकेंद्रित जाळ्यांनी नवख्यांचं काम जेव्हा जेव्हा वाऱ्यावर सोडलं, तेव्हा तेव्हा एखादी मोठी कंपनी येऊन दारात उभी राहिली. लोक तिच्यामार्फत आत आले आणि हळूहळू तिचेच झाले. म्हणून हा विषय निव्वळ शिष्टाचाराचा नाही. जाळं विकेंद्रित राहणार की नावापुरतंच उरणार, याचा निकाल बऱ्याचदा दारातच लागतो.

पत्ता नव्हे, मार्ग

सुरुवात १९७९ पासून करू. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस हे दोन विद्यार्थी होते. त्यांनी युजनेटची कल्पना मांडली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविन यांनी त्याचा पहिला प्रोग्रॅम लिहिला. रचना अगदी साधी होती. एका संगणकाने दुसऱ्याला फोन लावायचा, साचलेले संदेश द्यायचे, त्याच्याकडचे घ्यायचे. दुसरा तिसऱ्याला फोन लावणार. असं करत करत संदेश सगळीकडे पोचायचा. मध्यवर्ती कार्यालय नाही, मालक नाही. विषयवार गट होते आणि प्रत्येक गटात कुणीही लिहावं.

आता नवख्याच्या नजरेतून बघू. त्या काळी या जाळ्यावर कुणाला खासगी पत्र पाठवायचं, तर पत्त्यात मार्ग लिहावा लागे. पहिला संगणक, मग उद्गारचिन्ह, मग दुसरा संगणक, पुन्हा उद्गारचिन्ह, असं करत शेवटी माणसाचं नाव. म्हणजे मुंबईहून सोलापूरला पत्र टाकताना पाकिटावर ‘पुणे, दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर’ असा गाडीचा मार्ग आपणच लिहायचा. मधलं एक स्टेशन चुकलं की पत्र गेलं. जुन्या लोकांना हे मार्ग तोंडपाठ असत. नवा माणूस मात्र विचारणार कुणाला?

यातून वाट निघाली ती तीन टप्प्यांनी. आधी स्वयंसेवकांनी या संगणकांचे नकाशे गोळा केले. मग ते नकाशे वाचून मार्ग शोधून देणारा ‘पाथअलायस’ नावाचा प्रोग्रॅम आला. आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिमची, म्हणजे डीएनएसची, मांडणी केली. त्यानंतरच्या काही वर्षांत पत्ता आज आपण लिहितो तसा झाला. आधी माणूस, मग ‘ॲट’चं चिन्ह, मग ठिकाण. ते चिन्ह रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्येच वापरलं होतं, पण मार्ग लिहिण्याच्या कटकटीतून सामान्य माणूस सुटला तो डीएनएसमुळे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवू, पुढे कामाला येईल. जाळं विकेंद्रितच राहिलं. मार्ग तेवढेच गुंतागुंतीचे राहिले. फक्त तो गुंता नवख्याच्या डोक्यावरून काढून यंत्राच्या डोक्यावर दिला गेला. ‘सोपं करायचं म्हणजे एकाच्याच ताब्यात द्यायचं’ असं जे आपल्याला सांगितलं जातं, त्याला हे चाळीस वर्षांपूर्वीचं उत्तर आहे.

आपल्याकडेही हे सगळं त्याच काळात पोचत होतं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अर्नेट प्रकल्पातून मुंबईच्या एनसीएसटी आणि आयआयटीमधले संगणक टेलिफोनच्या तारांवरून ईमेलची देवाणघेवाण करू लागले. सामान्य भारतीयाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमुळे. परदेशात शिकणारे मराठी विद्यार्थी मात्र त्याआधीपासून युजनेटवर होते. पुढे १९९० च्या दशकात ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ असा गटही तिथे झाला. तिथलं मराठी रोमन लिपीत लिहिलं जाई. देवनागरीसाठी अविनाश चोपडे यांची ‘आयट्रान्स’ ही पद्धत होती, पण तिचे नियम शिकावे लागत. म्हणजे मराठी नवख्याला दोन उंबरठे होते. एक जाळ्याचा आणि दुसरा स्वतःच्याच लिपीचा.

दरवर्षीचा सप्टेंबर

युजनेटवर नवखे लोक केव्हा येत? अमेरिकेत विद्यापीठांचं वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होतं. नवे विद्यार्थी येत, त्यांना संगणकावर खातं मिळे आणि ते युजनेटवर धडकत. नको त्या गटात नको ते विचारत, तोच प्रश्न शंभराव्यांदा विचारत. जुने लोक वैतागत, थोडं रागावत, थोडं शिकवत. नोव्हेंबर उजाडेपर्यंत मुलं रुळलेली असत. गावात दरवर्षी जत्रा भरावी आणि उठावी, तसं ते चालू होतं.

हे आपोआप होत नव्हतं. नव्यांसाठी ‘न्यूज डॉट अनाउन्स डॉट न्यूयुजर्स’ नावाचा खास गट होता. तिथे ठरावीक दिवसांनी माहितीपत्रकं पुन्हा पुन्हा टाकली जात. समुदायात वागावं कसं, याची एक पुस्तिका चक व्हॉन रॉस्पाक यांनी लिहिली होती. ब्रॅड टेम्पलटन यांनी ‘एमिली पोस्टन्यूज’ नावाची एक काल्पनिक सल्लागारबाई उभी केली. ती सगळे उलटे सल्ले देते आणि हसता हसता काय करू नये ते कळतं. वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं, ज्याला आपण आज ‘एफएक्यू’ म्हणतो, ती प्रथाही युजनेटवरच फोफावली. त्या उत्तरांचा मोठा साठा एमआयटीच्या एका संगणकावर होता आणि त्या संगणकाचं नाव होतं ‘आरटीएफएम’. त्याचा सभ्य अर्थ ‘आधी माहितीपुस्तिका वाच’. मधल्या एका अक्षराची शिवी आम्ही सांगत नाही. पण मदतीच्या कपाटावरच चिडचिडीची पाटी लावलेली होती, हे त्या काळाबद्दल बरंच सांगून जातं.

ही माहितीपत्रकं वर्षानुवर्षं सांभाळत होते जीन स्पॅफर्ड, पर्ड्यू विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक. नोकरी वेगळी, हे काम हौसेचं. १९९३ च्या वसंतात त्यांनी ते सोडलं आणि दुसऱ्यांनी उचललं. दारातला अनुभवी माणूस निघाला आणि योगायोग असा, की त्याच सुमाराला दारात कधी नव्हती एवढी गर्दी व्हायला लागली.

१९९३-९४ मध्ये अमेरिकेतल्या व्यापारी कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना युजनेट खुलं केलं. सर्वांत मोठी होती अमेरिका ऑनलाइन, म्हणजे एओएल. तिने १९९४ च्या सुरुवातीला दार उघडलं. आता विद्यार्थ्यांची एक तुकडी वर्षातून एकदा येणार, असं राहिलं नाही. माणसं रोज येत होती. जुन्या मंडळींपैकी डेव्ह फिशर यांनी १९९४ च्या जानेवारीत थट्टेने लिहिलं, की १९९३ चा सप्टेंबर संपलाच नाही, अशी त्याची नोंद होईल. तेव्हापासून त्या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ हे नाव पडलं.

ही कथा नेहमी जुन्यांच्या तोंडून सांगितली जाते. ‘आमचं गाव छान होतं, मग बाहेरचे लोंढे आले.’ पण एओएलच्या ग्राहकाच्या जागी उभं राहून बघा. त्याला घरी टपालाने डिस्क आली. त्याने ती संगणकात घातली, बटण दाबलं आणि तो एका अनोळखी पारावर जाऊन पडला. हे एओएलचं अंगण नसून वेगळंच गाव आहे, इथले रिवाज वेगळे आहेत, हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एओएलला रिवाजांशी देणंघेणं नव्हतं आणि युजनेटकडे दारात उभं राहायला पुरेशी माणसं नव्हती. मग त्याला मिळाली ती थट्टा. त्याच्या पत्त्यातलं एओएलचं नाव हेच टिंगलीचं कारण झालं.

दाराच्या कामाचं दुसरं अंगही तेव्हाच उघडं पडलं. १९९४ च्या एप्रिलमध्ये ॲरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात युजनेटच्या हजारो गटांत एकाच वेळी ओतली. आलेल्या पाहुण्याला पाणी देणं आणि घुसलेल्याला अडवणं, ही दोन्ही कामं दारातल्याच माणसाची असतात. तो नसला की दोन्ही होत नाहीत.

पुढे काय झालं? युजनेट शोधायला सोपं केलं ते डेजा न्यूज या कंपनीने, १९९५ मध्ये. २००१ मध्ये तो सगळा साठा गूगलने घेतला आणि त्यातून ‘गूगल ग्रुप्स’ झालं. अनेकांसाठी गूगल ग्रुप्स हेच युजनेटचं दार बनलं. एओएलने २००५ मध्ये युजनेटची सोय बंद केली. गूगलने २२ फेब्रुवारी २०२४ ला आपलं दार लावून घेतलं. युजनेट मेलेलं नाही, आजही चालू आहे. पण आत जायची वाट ज्यांनी सोपी केली होती, त्यांनीच ती बंद केल्यावर नवा माणूस येणार कुठून?

ईमेलची गोष्ट याहून बरी वाटते, पण तीही तपासून बघू. १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल आणलं. ब्राउझर उघडा, नाव घाला, झालं. त्यामुळे सायबर कॅफेत बसणाऱ्या आपल्यासारख्यांनाही पत्ता मिळाला. २००४ मध्ये जीमेल आलं. ईमेलचा प्रोटोकॉल आजही खुला आहे, कुणीही स्वतःचा सर्व्हर लावू शकतो. पण लावून बघा. मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर अनोळखी सर्व्हरकडे संशयाने बघतात आणि पत्र स्पॅमच्या डब्यात जातं. कागदावर हे जाळं विकेंद्रित आहे, पण रोजचा व्यवहार मूठभरांच्या हातात गेलाय. हॉटमेल-जीमेलला दोष देऊन भागत नाही. त्यांनी जी सोय दिली, ती देणारं दुसरं कुणी तेव्हा दारात नव्हतं.

नवी पिढी, जुना उंबरठा

आता अलीकडे येऊ. २००८ मध्ये मॉन्ट्रियलच्या इव्हान प्रोड्रोमू यांनी ‘आयडेंटिका’ काढलं. ट्विटरसारखंच, पण अनेक सर्व्हरवर चालू शकेल असं. २०१० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी ‘डायस्पोरा’साठी लोकवर्गणी मागितली. मागितले होते दहा हजार डॉलर, जमले दोन लाखांच्या वर. म्हणजे लोकांना पर्याय हवा होता, हे नक्की. २०१६ मध्ये जर्मनीतल्या ऑयगेन रोचको या तरुणाने ‘मॅस्टोडॉन’ आणलं. जानेवारी २०१८ मध्ये ‘ॲक्टिव्हिटीपब’ हा प्रोटोकॉल वेबच्या प्रमाणक संस्थेने मान्य केला आणि तो पाळणाऱ्या सगळ्या सर्व्हरच्या समूहाला ‘फेडिव्हर्स’ हे नाव रूढ झालं.

भारतीयांचा या जगाशी मोठा संबंध आला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं. नाझी सलामी न देता हाताची घडी घालून उभ्या असलेल्या जर्मन माणसाचा प्रसिद्ध फोटो त्यांनी लावला होता. त्याच दिवसांत ट्विटरच्या कारभारात जातीय भेदभाव होतो, असा आरोप दलित-बहुजन लेखक-पत्रकारांनी जाहीरपणे केला. संतापलेले अनेक भारतीय काही दिवसांत मॅस्टोडॉनवर आले. आणि काही महिन्यांत बहुतेकांची वर्दळ पुन्हा जुन्याच जागी सुरू झाली.

का परतले? त्यांचा राग खोटा होता असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. दारात काय घडत होतं ते पाहू. २०१९ ला जे भारतीयांचं झालं तेच २०२२ मध्ये जगभरच्या लोकांचं झालं, म्हणून दोन्ही एकत्रच बघू. इलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी ट्विटर ताब्यात घेतलं. मॅस्टोडॉनच्याच आकड्यांनुसार महिन्याला वापर करणारे सुमारे तीन लाख होते, ते नोव्हेंबरपर्यंत पंचवीस लाखांवर गेले. जानेवारी २०२३ संपेपर्यंत तो आकडा चौदा लाखांच्या आसपास उतरला होता.

आलेल्या माणसाला पहिलाच प्रश्न होता, ‘सर्व्हर निवडा’. समोर मोठी यादी. चुकीचा निवडला तर काय होईल, हे माहीत नाही. घर बघायला आलेल्याला आधी गृहनिर्माण संस्थेचे उपविधी वाचायला द्यावेत, तसा हा प्रकार. त्यात सर्वांत मोठा आणि ओळखीचा सर्व्हर गर्दीमुळे मधूनमधून नोंदणी बंद ठेवायचा. दुसरी अडचण ओळखीचा माणूस शोधायची. तो दुसऱ्या सर्व्हरवर असेल आणि आपण त्याच्या पानावर गेलो, तर तिथलं ‘फॉलो’ बटण सरळ चालत नसे, कारण तिथे आपलं खातं नाही. त्याचा पूर्ण पत्ता उचलून आपल्या सर्व्हरवरच्या शोधखिडकीत टाकावा लागे. उद्गारचिन्हांचा मार्ग आठवला ना? यंत्राने उचलायचं ओझं पुन्हा माणसाच्या डोक्यावर आलं होतं.

तिसरी अडचण रिकाम्या घराची. मॅस्टोडॉनवर तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांचंच, काळाच्या क्रमाने दिसतं. कंपनीचं अल्गोरिदम काही पुढे ढकलत नाही. हा त्याचा मोठा गुण, पण पहिल्या दिवशी तुम्ही कुणालाच फॉलो केलेलं नसतं. मग दिसतं काय? काही नाही. जुन्याला जी शांतता वाटते, ती नव्याला ओसाडी वाटते.

चौथी अडचण रिवाजांची, आणि ती सर्वांत नाजूक आहे. मॅस्टोडॉनवर सुरुवातीला रुळलेल्यांत इतरत्र छळ सोसलेले लोक बरेच होते, विशेषतः समलिंगी आणि ट्रान्स व्यक्ती. त्यांनी आपल्या सुरक्षेसाठी काही रीती घालून घेतल्या होत्या. त्रासदायक विषयावर लिहिताना आधी इशाऱ्याची ओळ टाकायची. दुसऱ्याची पोस्ट उचलून तिच्यावर टोमणा मारायची सोय मुद्दामच ठेवायची नाही. चित्राखाली त्याचं शब्दांत वर्णन द्यायचं, म्हणजे अंध वाचकालाही ते कळेल. या रीती विचारपूर्वक केलेल्या होत्या. पण २०२२ मध्ये अमेरिकेतले काळे लोक आले आणि आपल्यावर होणाऱ्या वंशभेदाबद्दल लिहू लागले, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की यावर आधी इशारा लावा. आपल्या रोजच्या जगण्यावरच झाकण घालायला सांगतायत, असं त्यांना वाटलं, आणि ते त्यांनी जाहीरपणे मांडलं. एका पीडित गटाची ढाल दुसऱ्या पीडित गटाला भिंतीसारखी लागली.

गाळणी की दार?

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो. काही जुने लोक म्हणतात, थोडं अवघड असलेलंच बरं. अवघडपणा ही गाळणी आहे, ज्याला खरंच यायचंय तो शिकेल. या म्हणण्यामागची भीती खोटी नाही. ज्यांनी छळ सोसून ही वस्ती उभी केली, त्यांना ती गमवायची नाही.

पण गाळणी नेमकं काय गाळते, हे तपासायला हवं. त्रास द्यायला येणाऱ्याकडे चिकाटी भरपूर असते, तो सर्व्हर कसा निवडायचा ते शिकतोच. गाळले जातात ते वेळ नसलेले, इंग्रजी नीट न येणारे, फोनवरूनच सगळं करणारे आणि एकदा अपमान झाला की पुन्हा न येणारे. अवघडपणा माणसाचा हेतू तपासत नाही, त्याची फुरसत तपासतो. छळ करणाऱ्याला अडवायला जागरूक नियंत्रक लागतो, क्लिष्ट नोंदणी नव्हे.

शिवाय दार अवघड ठेवल्याने दार बंद होत नाही, दुसरा कुणीतरी शेजारी सोपं दार उघडतो. जुलै २०२३ मध्ये मेटाने ‘थ्रेड्स’ आणलं. इन्स्टाग्रामच्या खात्यावरूनच आत जाता येत असल्याने पाच दिवसांत दहा कोटी लोक आले. पुढे मेटाने ते टप्प्याटप्प्याने फेडिव्हर्सला जोडायला सुरुवात केली. एओएलची आठवण काढून अनेक सर्व्हरचालकांनी थ्रेड्सला आधीच अडवायचं ठरवलं, काहींनी येऊ द्यायचं ठरवलं. हा वाद अजून मिटलेला नाही.

काय उपयोगी पडलं

आता चांगली बाजू बघू, कारण गेल्या काही वर्षांत शिकलेलंही बरंच आहे.

२०२२ च्या लाटेत ट्विटरवरचे ओळखीचे लोक मॅस्टोडॉनवर कुठे आहेत ते शोधून देणारी साधनं स्वयंसेवकांनी बनवली, ‘फेडीफाइंडर’ आणि ‘मूव्हटोडॉन’सारखी. ‘फेडी टिप्स’ नावाने कुणीतरी न थकता सोप्या भाषेत प्रश्नांची उत्तरं देत राहिलं. ‘टूट’ या गमतीच्या शब्दाऐवजी बटणावर सर्वांना कळेल असा शब्द आला. मे २०२३ मध्ये मॅस्टोडॉनच्या ॲपने नोंदणीची पद्धत बदलली. मोठी यादी समोर टाकण्याऐवजी एक ठरलेला सर्व्हर पुढे केला, ज्याला निवडायचंय त्याला निवडीची वाट ठेवली. सप्टेंबर २०२३ मध्ये लेखनात शोध घ्यायची सोय आली, पण ज्याने परवानगी दिली त्याच्याच लेखनात. २०२५ मध्ये दुसऱ्याची पोस्ट उद्धृत करायची सोयही आली, आणि तिथेही आपली पोस्ट कुणी उद्धृत करावी हे मूळ लेखकाच्या हातात ठेवलं. म्हणजे नव्यांची मागणी ऐकली आणि जुन्यांची भीतीही.

दुसरीकडे ब्लूस्काय हे वेगळ्या प्रोटोकॉलवरचं जाळं २०२४ मध्ये सर्वांना खुलं झालं. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी ‘स्टार्टर पॅक’ आणले. कुणीही सामान्य वापरकर्ता आपल्या विषयातली माणसं निवडून एक गठ्ठा बनवतो, नवा माणूस एका बटणात सगळ्यांना फॉलो करतो. रिकाम्या घराचा प्रश्न असा सुटला आणि तोही कंपनीच्या अल्गोरिदमने नव्हे, माणसांनी केलेल्या ओळखीने. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्लूस्कायची खाती दोन कोटींवर गेली. ब्लूस्काय प्रत्यक्षात किती विकेंद्रित आहे, हा वाद योग्यच आहे. बहुतेक लोक अजून त्या एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. पण दारातली ओळख कशी करून द्यावी, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

सर्वांना एकाच सर्व्हरवर आणण्याचा धोका मॅस्टोडॉनलाही आहेच. जीमेलचा इतिहास आपण पाहिलाय. त्यावर उपाय एकच दिसतो. आत यायचं दार जेवढं सोपं, तेवढंच घर बदलायचं दारही सोपं हवं. ऑक्टोबर २०१९ पासून मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलताना आपले फॉलोअर सोबत नेता येतात. जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात. माणसं सोबत येतात, पण पत्रांची पेटी राहून जाते. हे काम अपुरं आहे, आणि ते पूर्ण होईपर्यंत ‘आधी इथे या, मग हवं तिथे जा’ हे आश्वासनही अपुरंच राहील.

अंध वापरकर्त्यांचं उदाहरण मुद्दाम सांगतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरने सुगम्यतेवर काम करणारा आपला गट काढून टाकला. जानेवारी २०२३ मध्ये बाहेरच्यांनी बनवलेली ॲप बंद पाडली. अनेक अंध लोक याच ॲपवर अवलंबून होते. मॅस्टोडॉनवर त्यांना खुला प्रोटोकॉल मिळाला, म्हणजे आपल्याला सोयीचं ॲप स्वतः बनवता आलं, आणि चित्रांचं वर्णन लिहिणारे शेजारी मिळाले. वर्णन राहिलं तर आठवण करून देणारा एक बॉटही होता, पण तो फक्त त्यालाच टोके ज्याने तशी विनंती केलेली असे. आमच्या मते स्वागताची ही उत्तम रीत आहे. नियम आहे, तो शिकवायची सोय आहे आणि शिकवणं अपमानाचं नाही.

हे काम आहे

शेवटचा मुद्दा पैशांचा आणि श्वासाचा. हे सगळं करणारी माणसं थकतात. ‘मॅस्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी’ हा २०१७ पासून चाललेला सर्व्हर २०२२ च्या शेवटी, नेमका लाटेच्या दिवसांत बंद झाला. चालकाला घरच्या अडचणींमुळे तो सांभाळणं शक्य राहिलं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये रोचको स्वतः मॅस्टोडॉनच्या प्रमुखपदावरून बाजूला झाले, आणि या कामाने मनावर येणारा ताण त्यांनी लपवला नाही. १९९३ मध्ये स्पॅफर्ड थांबले होते. फरक एवढाच, की आता मागे एक ना-नफा संस्था उभी करायचा प्रयत्न चालू आहे, म्हणजे एक माणूस निघाला तरी दार उघडं राहावं.

आपल्यासाठी यात काय आहे? मॅस्टोडॉनचा मजकूर स्वयंसेवक निरनिराळ्या भाषांत आणतात, त्यात मराठीही आहे. तिथे एखादं वाक्य नीट मराठीत आणणं, आपल्या विषयातल्या वीस-पंचवीस मराठी लिहित्या माणसांची यादी करून नव्याच्या हातात ठेवणं, मराठी हॅशटॅगखाली कुणी पहिल्यांदाच लिहिलं तर त्याला उत्तर देणं, चित्राखाली दोन ओळी मराठीत लिहिणं, ही कामं करायला संगणकतज्ज्ञ असावं लागत नाही. आपण ज्या सर्व्हरवर राहतो त्याच्या खर्चाला महिन्याला थोडे पैसे देणं हेही त्यातच आलं. नियंत्रकाला विश्रांती मिळाली, तर तो नव्याशी नीट बोलेल.

एसटी स्टँडवर चौकशीची खिडकी असते. आत बसलेला माणूस दिवसभर तेच तेच सांगत असतो, सोलापूरची गाडी कुठे लागते, किती वाजता सुटते. त्याच्याशिवायही गाड्या सुटतील, पण पहिल्यांदा आलेला माणूस बाहेर उभ्या खासगी गाडीवाल्याच्या हाताला लागेल. विकेंद्रित जाळ्यांच्या गाड्या चांगल्या आहेत, वेळेवर सुटतात. त्या खिडकीत आळीपाळीने बसायला माणसं हवी आहेत.

आता प्रश्न घेऊ. आणि आज पहिल्यांदाच आलेल्यांनी आधी विचारावं.